मोबाईलच्या हिशेबातील कडता

वऱ्हाडातील शेतकऱ्याला ‘कडता’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मालाचा भाव ठरतो, वजन होते, आणि पैसे हातात पडतात तेव्हा ते भाव व वजन यांच्या गुणाकारापेक्षा कमी भरतात. मधली रक्कम कोठे गेली असे विचारले तर हमाली, तोलाई, अडत, धर्मादाय, माती-कचऱ्यापोटी धरलेले वजन अशी नावे ऐकू येतात. यांतील काही आकार रास्त असतात, काही केवळ रूढीने चालत आलेले असतात. पण सौदा होताना त्यांचा उच्चार झालेला नसतो, ही गोष्ट साऱ्यांत समान. या प्रकारांना कायद्याने आवर घालण्याचा हिंदुस्थानातील आरंभीचा प्रयत्न याच भूमीत झाला. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा अस्तित्वात आला. त्यामागे शेतकऱ्याच्या कल्याणापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस मिळावा ही चिंता मोठी होती, आणि बाजारांच्या समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला, हे खरे. तरीही नियंत्रित बाजाराच्या कल्पनेबरोबर एक तत्त्व रुजले: जो आकार सौद्यापूर्वी जाहीर केलेला नाही, तो सौद्यानंतर कापता येऊ नये.

सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर दर्यापूर तालुक्यातील तोच शेतकरी, त्याच्या मुलांना शिकवणारा शिक्षक, पंचायत समितीतील कारकून आणि अमरावतीला शिकावयास गेलेला विद्यार्थी हे सारे एका नव्या बाजारात दररोज सौदे करीत असतात. हा बाजार मोबाईलचा. येथे अडत्या दिसत नाही, तराजू दिसत नाही, काटापट्टीही हाती पडत नाही. पैसे भरावयाचे, माल अदृश्य रीतीने मिळत राहावयाचा, आणि तो किती मिळाला याचा हिशेब विकणाऱ्यानेच ठेवावयाचा, अशी या व्यवहाराची रचना आहे. अशा व्यवहारात ग्राहकाच्या खर्चाची मर्यादा कोणी आखावयाची, हा कळीचा प्रश्न ठरतो. गेल्या तीस वर्षांत ही मर्यादा ग्राहकाच्या हातून हळूहळू कंपन्यांच्या हाती गेली. ती एका फटक्यात गेली नाही. म्हणूनच तिच्या जाण्याचा फारसा गवगवा झाला नाही.

भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू हे दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे, आणि आलेला फोन घेण्यासाठीही पैसे मोजावे लागत. म्हणजे हाक दुसऱ्याने मारावयाची आणि ‘ओ’ दिल्याबद्दलचा भुर्दंड मात्र आपण सोसावयाचा. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांकडून ठोक परवानाशुल्क घेण्याऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. दर उतरू लागले, आणि २००३ साली येणारे फोन निःशुल्क झाले. दर्यापूर-अंजनगावच्या खेड्यांतून मोबाईल खऱ्या अर्थाने पोहोचला तो यानंतर.

तो पोहोचला तो प्रामुख्याने प्रीपेडच्या रूपाने. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही एक लक्षणीय घटना होती. ज्याचे उत्पन्न अनिश्चित असते त्याला भीती खर्चाच्या आकड्याची नसते, त्या आकड्याला वरची सीमा नाही याची असते. किराणा दुकानातील उधारीची वही, सावकाराचे खाते, विजेचे देयक या साऱ्यांत रक्कम नंतर कळते. दर्यापूरपासून जवळच्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कर्ज काढू नका म्हणून कीर्तनांतून जन्मभर कानीकपाळी ओरडले, ते याच न कळणाऱ्या आकड्याच्या धास्तीने. प्रीपेड खात्यात ही धास्ती नव्हती. दहा रुपये भरले तर जास्तीत जास्त दहाच रुपये जाणार होते. गरिबाला स्वतःच्या खर्चावर स्वतः मर्यादा घालता येईल अशी सोय इतक्या सुबकपणे क्वचितच उपलब्ध झाली असेल. ‘मिस कॉल देजो’ हा वऱ्हाडी वाक्प्रचारही याच काळात जन्मला. घंटा एकदा वाजवून फोन बंद करावयाचा आणि पैसे न खर्चता निरोप पोहोचवावयाचा, ही काटकसरीची विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवली नव्हती. शेतमजुराने आणि वसतिगृहातील विद्यार्थ्याने ती आपणहून शोधून काढली.

ही मर्यादा प्रथम आतून पोखरली गेली. खात्यात तीस रुपये असावेत, सकाळी पाहावे तर शून्य, असा अनुभव २००५ ते २०१३ या काळात ज्याला आला नाही असा ग्राहक विरळा. फोन लावणाऱ्याला आपल्या बाजूने ऐकू येणारे गाणे, दैनंदिन राशिभविष्य, विनोद, क्रिकेटची धावसंख्या अशा ‘मूल्यवर्धित’ सेवा ग्राहकाच्या नकळत त्याच्या खात्याला चिकटत आणि दरमहा वीस-तीस रुपये कापून नेत. पडद्यावर अचानक एक चौकट उमटावयाची आणि ती घालवण्यासाठी ‘ओके’ दाबले की ती संमती समजली जावयाची, हाही एक प्रकार होता. निरक्षर अथवा केवळ मराठी वाचणाऱ्या माणसाने इंग्रजी चौकटीवर दाबलेली कळ आणि पूर्वी सावकाराच्या कागदावर उठवलेला अंगठा यांत फरक करणे अवघड आहे. दोहोंतही सही होती, संमती नव्हती.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, याची दखल घेतली नाही असे म्हणता येणार नाही. जुलै २०१३ च्या आदेशाने कोणतीही मूल्यवर्धित सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाकडून दुसऱ्यांदा स्पष्ट पुष्टी घेणे बंधनकारक झाले आणि नको असलेली सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सर्व कंपन्यांना समान क्रमांक ठरला. त्यानंतर अशा चोऱ्या पुष्कळ कमी झाल्या. परंतु जी रक्कम आदेशापूर्वीच्या वर्षांत लक्षावधी खात्यांतून थेंबाथेंबाने गेली, ती परत आली नाही. अमेरिकेत याच व्याधीला ‘क्रॅमिंग’, म्हणजे देयकात नको ते कोंबणे, असे नाव पडले होते. तेथे मात्र २०१४ साली एटी अँड टी या कंपनीला १० कोटी ५० लक्ष डॉलरची तडजोड करावी लागली आणि तिचा मोठा भाग ग्राहकांना परतावा म्हणून राखून ठेवला गेला. नियम पुढे लागू करणे आणि मागचे परत करावयास लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीवरच समाधान मानले जाते.

दुसरी कपात अधिक उघड होती, पण उघड्यावर असूनही बहुतेकांना न दिसणारी होती. दहा रुपयांचा टॉप-अप घेणाऱ्याला दहा रुपयांचे बोलणे कधीच मिळाले नाही. कर वजा जाता उरलेल्या रकमेतून ‘प्रक्रिया शुल्क’ कापले जाई. २०१२ साली ट्रायने या शुल्काला दहा टक्के अथवा तीन रुपये, यांपैकी जे कमी असेल ते, अशी मर्यादा घातली. वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांनी लागू झाल्यावर दहा रुपयांत ७ रुपये ४७ पैसे मिळू लागले. यांतील एक रुपया त्रेपन्न पैसे सरकारचे आणि एक रुपया कंपनीचा. शंभर रुपये भरणाऱ्याला मात्र हे शुल्क तीनच रुपये, म्हणजे तीन टक्के. दहा रुपयांचा ग्राहक दहा टक्के देतो आणि शंभर रुपयांचा तीन टक्के, हे प्रमाण पाहिले म्हणजे या बाजारात लहान गिऱ्हाइकाची किंमत कशी केली जाते ते कळते. पूर्वी दुकानांच्या पाट्यांवर ‘फुल टॉकटाईम’ ही अक्षरे एवढ्या ठळकपणे का झळकत, याचेही उत्तर यातच आहे. पुरे पैसे, पुरा माल, ही गोष्ट जाहिरात करण्याजोगी ठरली होती.

सणावारांचे दिवस हा याच जातीचा आणखी एक नमुना. वर्षभर सवलतीच्या दराने अथवा फुकट संदेश पाठवण्याची योजना ग्राहकाने विकत घ्यावी आणि दिवाळीला, नववर्षाला, म्हणजे ज्या दिवशी ती खरोखर उपयोगी पडावयाची नेमक्या त्याच दिवशी ती बंद असावी, अशी ही युक्ती होती. नियामकाने अशा दिवसांची संख्या वर्षाला पाचवर आणली. संदेश पाठवणेच मागे पडल्यामुळे हा वाद पुढे आपोआप विझला, न्यायबुद्धीने नव्हे.

नोकरदारांच्या वाट्याला निराळे दुखणे आले. महिनाअखेर देयक येणाऱ्या पोस्टपेड खात्यात वरची सीमा मुळातच नसते. तिच्याऐवजी असते ती ‘क्रेडिट लिमिट’, म्हणजे कंपनीने आपल्या विश्वासाला घातलेली मर्यादा. ट्रायने २००५ सालीच ही मर्यादा ग्राहकाला कळवावी आणि खर्च तिच्या ८० टक्क्यांवर गेला की त्याला सावध करावे असा आदेश दिला. तथापि ही मर्यादा कंपनीची रक्कम बुडू नये म्हणून असते, ग्राहकाचे अंदाजपत्रक बिघडू नये म्हणून नसते. भरवशाच्या गिऱ्हाइकाची मर्यादा वाढवण्यात कंपनीचे हितच असते. इंटरनेट मोबाईलवर आल्यावर हा भेद महाग पडू लागला. योजनेबाहेरच्या वापराला १० किलोबाइटला १० पैसे हा दर त्या वेळी सर्रास आढळे. दहा पैसे म्हटले की कोणालाही ते क्षुल्लकच वाटणार. परंतु याच दराने एक गिगाबाइट वापरले तर आकार दहा हजार रुपयांच्या वर जातो, हे गणित जाहिरातीत कोणी मांडत नसे. भाव किलोचा विचारावा आणि दुकानदाराने तो गुंजेत सांगावा, तसा हा प्रकार.

अहमदाबादच्या एका ग्राहकाचे प्रकरण या संदर्भात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याचे मासिक देयक सरासरी ५५५ रुपये येत असे. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या एका महिन्याचे देयक २४,६०९ रुपयांचे आले. त्याने मे २०१४ मध्ये जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार केली. ही रक्कम योग्य होती की नव्हती याचा निवाडा होण्यापूर्वीच एक जुना प्रश्न आडवा आला: ग्राहक मंचाला दूरध्वनीची तक्रार ऐकण्याचा अधिकार तरी आहे काय? याचे कारण असे की, सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच १८८५ च्या तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीवर बोट ठेवून असा अधिकार नाही, असा निर्णय दिला होता. तारायंत्राच्या काळातील कलम मोबाईलच्या ग्राहकाला मंचाच्या दारातून परत पाठवण्यास उपयोगी पडले. अखेर १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड, सूर्यकांत व विक्रम नाथ यांच्या पीठाने वोडाफोन आयडिया कंपनीचे अपील फेटाळले आणि ग्राहक मंचांचा अधिकार अबाधित आहे असे निःसंदिग्धपणे सांगितले. तक्रार २०१४ ची. ती ऐकता येईल की नाही एवढे ठरण्यास २०२२ साल उजाडले. देयक बरोबर की चूक हा मुद्दा त्यानंतरचा.

निवाड्याने दार उघडले हे मोलाचे आहे. पाच लक्ष रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही, हेही ग्राहकाच्या बाजूचे. पण दर्यापूरच्या माणसाला जिल्हा आयोग आहे तो अमरावतीला, पन्नास किलोमीटरच्या आसपास. चोवीस हजारांसाठी कोणीही ही पायपीट करील. तीस रुपयांसाठी कोण करणार? एस.टी.चे जाण्या-येण्याचे भाडेच त्याहून अधिक. अर्थशास्त्रात या परिस्थितीला जुने स्पष्टीकरण आहे: तोटा असंख्य लोकांत पातळ पसरला आणि नफा एका ठिकाणी घट्ट साचला, म्हणजे तोटा सोसणाऱ्यांपैकी कोणालाही एकट्याने भांडणे परवडत नाही. एक कोटी खात्यांतून प्रत्येकी तीस रुपये गेले तर ती रक्कम तीस कोटी होते. पण तक्रारदार मात्र तीस रुपयांचाच राहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनेकांच्या वतीने एकाने तक्रार करण्याची तरतूद आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्वतःहून चौकशी करू शकते. या प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. व्यवहाराच्या शेवटी हळूच वाढवलेली किंमत, सुरू करण्यास सोपी पण बंद करण्यास अवघड अशी वर्गणी, न मागता टोपलीत टाकलेला माल असे तेरा प्रकार त्यांत नावानिशी सांगितले आहेत. मोबाईलच्या ग्राहकाला यांतील एकही प्रकार अपरिचित वाटणार नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा त्यांच्यापुढे भेसळ, वजनमापे आणि टंचाई हे प्रश्न होते. त्या चळवळीच्या तालुका शाखांपुढे आज याहून नेमका विषय कोणता असावा?

आतापर्यंत सांगितलेले दोष बरेचसे नियमांच्या कक्षेत आले आहेत. जो बदल नियमांच्या कक्षेत नीट आलेलाच नाही, तो २०१८ नंतरचा आहे, आणि तोच या विषयाचा गाभा आहे. त्या वर्षाच्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी नुसते फोन येत राहावेत यासाठीही दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा भरणा आवश्यक केला. खात्यात आधीचे पैसे शिल्लक असले तरी ते असून नसल्यासारखे झाले. शिल्लक असलेल्यांची सेवा तोडू नये, असे नियामकाने नोव्हेंबरमध्ये कंपन्यांना बजावले. पण किमान भरण्याची प्रथा त्यामुळे थांबली नाही. ती याच वेळी का आली हे समजण्यास फार खोल जावे लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली, दर कोसळले, अनेक कंपन्या बुडाल्या अथवा विकल्या गेल्या, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वोडाफोन व आयडिया एक झाल्या. दशकापूर्वी ज्या बाजारात डझनभर विक्रेते होते, तेथे तीन खाजगी आणि एक सरकारी एवढेच उरले. मोबाईलचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे. ते दिले गेले तेव्हा स्पर्धा त्यांना आवर घालील असे गृहीत धरलेले होते.

त्यानंतरचे आकडे बोलके आहेत. एअरटेलचा २८ दिवसांचा किमान भरणा २०१८ मध्ये ३५ रुपये होता, २०२१ च्या अखेरीस ९९ रुपये झाला, आणि जुलै २०२४ मध्ये १९९ रुपयांवर गेला. १९९ रुपयांत अमर्याद बोलता येते, ३५ रुपयांत येत नव्हते, हे येथे नोंदवले पाहिजे. पण ज्याला अमर्याद बोलावयाचेच नव्हते, त्याला ते विकत घेण्यावाचून दुसरा मार्ग ठेवला गेला नाही. पूर्वी प्रीपेड ग्राहक आपल्या खर्चाचे छत स्वतः ठरवी. आता कंपनी त्याच्या खर्चाची जोती ठरवते. मिस्ड कॉलची विद्याही त्याबरोबर निरुपयोगी झाली. जो काटकसर करतो आणि जो दिवसभर बोलतो, त्या दोघांना एकच किंमत पडते. काटकसरीने काही वाचतच नाही.

यात २८ दिवसांची मेख आहे. माणूस महिना म्हणतो, महिन्याने पगार घेतो, महिन्याने घरभाडे देतो. आणि मोबाईलचा महिना मात्र चार आठवड्यांचा. वर्षाला बारा भरण्यांऐवजी तेरा होतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवावी असा आदेश काढला. आदेश पाळला गेला, पण निदान एक म्हटल्यावर बहुधा एकच. प्रचारात राहिल्या त्या २८ दिवसांच्याच योजना.

जुलै २०२४ च्या दराने एका फोनला वर्षाकाठी १९९ च्या तेरा पट, म्हणजे २,५८७ रुपये लागतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रातील रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एक फोन जिवंत ठेवण्यास जवळजवळ नऊ दिवसांची मजुरी. घरात चार फोन असतील तर पस्तीस दिवसांची. श्रावणबाळ योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळणाऱ्या वृद्धेच्या बाबतीत एका वेळचा भरणा अनुदानाच्या आठव्या हिश्शाला भिडतो. तिला फोन हौसेसाठी लागत नाही. बँकेचा, आधारचा, शासकीय योजनांच्या पडताळणीचा सांकेतिक क्रमांक त्या फोनवर येतो. प्रधानमंत्री किसान सन्मान योजनेचे प्रमाणीकरण घरबसल्या आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणाऱ्या अशाच क्रमांकाने करता येते. शासनाने एका बाजूने नागरिकाला मोबाईलशी बांधावे आणि दुसऱ्या बाजूने त्या मोबाईलची किमान किंमत तीन कंपन्यांच्या मर्जीवर सोडावी, यातील विसंगती अद्याप कोणत्याही अंदाजपत्रकी भाषणात चर्चिली गेलेली नाही.

दर्यापूरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारे, त्यामुळे विहिरीच्या भरवशावर बारमाही पीक घेणे बहुतेकांना अशक्य. उत्पन्न येते ते दिवाळीनंतर कापसातून, पुढे तुरीतून आणि फाल्गुनाच्या सुमारास हरभऱ्यातून. उन्हाळ्यात आणि पेरणीच्या तोंडावर घरात रोकड नसते. ज्याचा पैसा वर्षातून दोन-तीनदा येतो, त्याच्यावर दर २८ दिवसांनी एक मुदत आदळते. मुदत चुकली की फोन जाऊ शकत नाही, मग येऊ शकत नाही, आणि अखेर क्रमांकच जातो. २०१३ च्या नियमाने ९० दिवस न वापरलेला क्रमांकही खात्यात वीस रुपये असतील तर राखता येतो. पण हा नियम क्रमांकाचे रक्षण करतो, सेवेचे नव्हे. न वाजणारा क्रमांक जवळ असणे म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीचा सातबारा जवळ असणे होय.

कंपन्यांचीही बाजू आहे आणि ती निराधार नाही. मनोरे, वीज, ध्वनिलहरींच्या लिलावात मोजलेल्या अवाढव्य रकमा, आणि ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर समायोजित उत्पन्नावर सरकारला देणे लागलेली थकबाकी हे सारे खर्च खरे आहेत. जो ग्राहक वर्षभर केवळ फोन घेतो आणि एक पैसाही देत नाही, त्याच्यासाठीही यंत्रणा चालू ठेवावी लागते. भारतात इंटरनेट जगातील अनेक देशांपेक्षा स्वस्त आहे हेही खरे. पण या युक्तिवादातून एवढेच निघते की किमान आकार असावा. तो नुसत्या हजेरीचा आकार असावा, की अमर्याद बोलण्याचा आणि इंटरनेटचा बोजा त्यावर लादून तो पाच-सहा पट करावा, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. पाणीपट्टी सर्वांनी द्यावी हे मान्य. म्हणून प्रत्येकाने टँकर विकत घ्यावा असे कोणी म्हणत नाही.

इतरत्र ही मर्यादा ग्राहकाच्या हाती परत देण्याचे प्रयत्न झाले आहेत. युरोपीय संघात १ जुलै २०१० पासून परदेशी प्रवासातील इंटरनेटचा खर्च ५० युरोला पोहोचला, आणि ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल, तर जोडणी आपोआप थांबते. त्याआधी ८० टक्क्यांना इशारा मिळतो. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून नवा करार करणाऱ्या प्रत्येक मोबाईल ग्राहकाला आपल्या देयकाची मर्यादा ठरवण्याचा पर्याय देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. दोन्ही ठिकाणी मर्यादा ग्राहकाच्या सोयीने आहे, कंपनीच्या वसुलीच्या सोयीने नाही. आपल्या पोस्टपेड ग्राहकालाही ‘माझा महिना सहाशे रुपयांचा’ असे एकदा लिहून देता यावे आणि त्यापुढे त्याच्या स्पष्ट होकाराशिवाय एक रुपयाही चढू नये, यासाठी फार मोठी क्रांती लागत नाही. प्रीपेडच्या ग्राहकाला प्रत्येक भरण्यानंतर कर किती, शुल्क किती, बोलण्यास किती आणि मुदत कोणत्या तारखेपर्यंत, एवढी चार वाक्यांची हिशेबपट्टी मराठीत मिळावी. बाजार समितीत माल विकणाऱ्याला ती कागदावर मिळते. येथे तर संदेश पाठवण्यास कागदाचाही खर्च नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने एक पाऊल पुढे टाकले. इंटरनेट नको असलेल्यांसाठी केवळ बोलणे आणि संदेश एवढ्याच सोयीची निदान एक योजना प्रत्येक कंपनीने ठेवावी, आणि अशा योजनांची मुदत ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत असू शकेल, असा दुरुस्त नियम आला. साधा कळीचा फोन वापरणाऱ्या वृद्धांना आणि मजुरांना दिलासा मिळावा हा त्यामागील हेतू होता. जानेवारी २०२५ मध्ये योजना जाहीर झाल्या. एअरटेलची ८४ दिवसांची योजना सुधारित दराने ४६९ रुपयांना, जिओची ४४८ रुपयांना. एअरटेलचा हिशेब मांडला तर २८ दिवसांना सुमारे १५६ रुपये पडतात. म्हणजे १९९ पेक्षा ४३ रुपयांची बचत. बचत आहे, पण ती मिळवण्यासाठी ४६९ रुपये एकरकमी मोजले पाहिजेत. या दोन्ही कंपन्यांच्या त्या योजनांत ८४ दिवसांहून लहान मुदत नव्हती. तेलाचा डबा एकदम घेणाऱ्याला भाव उतरून मिळतो आणि पावशेर तेल घेणाऱ्याला चढून, हा किराणा दुकानातील अनुभव येथेही तसाच राहिला. ज्याच्यासाठी नियम झाला, त्याच्याच हाती ज्येष्ठ-आषाढात ४६९ रुपये नसतात.

२०२२ चा आदेश ३० दिवसांच्या मुदतीचा आहे, २०२४ चा केवळ बोलण्यापुरत्या योजनेचा. दोन्ही आदेश अमलात आहेत. दोहोंच्या मधला रिकामा कोपरा मात्र कोणी भरलेला नाही. ३० दिवसांची, केवळ बोलण्याची, लहान रकमेची एक योजना प्रत्येक कंपनीने ठेवावी आणि ती दुकानाच्या पाटीवर इतर योजनांइतक्याच ठळक अक्षरांत लिहावी, एवढे फर्मावण्यास नियामकाला नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. आधीच्या दोन आदेशांना आणखी एका परिच्छेदाची जोड पुरेशी आहे, आणि ती पुढच्या पेरणीपूर्वी देता येण्यासारखी आहे.